अठ्ठाविसाव्या किलोमीटरचं पाकीट

पहिलं फाडलं ते दातांनी.
दिवसभर खुर्चीतल्या माणसांना सांगत असते,
गोडाला जपा, खाल्लंत तर चूळ भरा,
आणि संध्याकाळी मास्क खिशात कोंबून
नागाहामाच्या धक्क्यावरून दक्षिणेला धावताना
आठव्या किलोमीटरला
काकवीहून घट्ट, खळीहून जरा पातळ असं काहीतरी
जिभेवर पसरलं आणि तिथेच बसून राहिलं,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं.

द्राक्षं, असं वर छापलेलं.
द्राक्षांना कळलं तर वेलीवरच सुकतील.

वहीत लिहिलं: चव. वेळ. पोट.
तीन रकाने, पट्टीने आखलेले.

पुढच्या रविवारी कॉफीचं.
पाय होते तसेच राहिले,
पण रात्री दोनला छताकडे बघत
मी अख्ख्या बिवा तळ्याला तीन फेऱ्या मारल्या.

मिठाच्या लिंबाबद्दल एवढंच सांगते:
माइबाराच्या अलीकडे एक दुकान आहे, चोवीस तास उघडं.
गल्ल्यावरच्या पोराने माझा चेहरा पाहिला,
काही न विचारता आतल्या दाराकडे बोट केलं.
अजूनही मी समोरून गेले की तो काचेआडून वाकतो,
जरा जास्तच आदराने.

चिनात्सु म्हणाली, पोटालाही सराव लागतो गं.
चार मॅरेथॉन झालेली बाई,
पाकीट खालून गुंडाळत आणते,
संपत आलेल्या टूथपेस्टसारखं.
तिनेच दिलं हे, बुटकं, गुलाबी, उमेचं.
आधी आंबट, मग खारट, गोड फार मागाहून.
दहाव्याला घेतलं. पोट गप्प.
एकोणिसाव्याला घेतलं. गप्प.
मी त्या गप्पपणाच्या प्रेमात पडले.

मग फेब्रुवारी. इबुकीच्या माथ्यावर बर्फ,
तळ्यावरून कानात शिरणारा वारा.
हिकोनेपर्यंत जाऊन परत, तीस.
तीन पाकिटं कमरेला, त्यातलं शेवटचं अठ्ठाविसाव्याचं.
सव्वीसपासून बोटं सारखी तिकडेच जात होती.

सत्ताविसाव्याला एक म्हातारा,
उलट्या बादलीवर, गळ सैल सोडून.
ह्या थंडीत कपाळावर घाम.
मला म्हणाला, बोट गेली का?
कुठली बोट?
तो पुन्हा म्हणाला, बोट गेली का?
एकदा आमच्या खुर्चीत एक बाई अशीच
भलत्याच कुणाशी बोलू लागली होती.
मी विचारलं, साखर? इन्सुलिन घेता?
त्याने मान हलवली. हो म्हणून की काय, देव जाणे.

फाडलं, पुन्हा दातांनीच.
गिळता येतंय ना, आधी पाहिलं,
मग थोडं थोडं ओठांशी धरलं.
वरची कवळी सैल होती. हे मला दिसणारच.
दहा मिनिटं उभी होते.
पाठीवरचा घाम गार होत गेला,
मांड्या लाकडाच्या.
मग त्याचे डोळे माझ्यावर येऊन थांबले
आणि पहिलं शहाणं वाक्य बोलला:
फार वाईट लागतं हे.

अहो, मी म्हटलं, यातलं हेच त्यातल्या त्यात बरं आहे!

ओनोदेरा त्यांचं नाव. लेक आली, पिवळी छोटी गाडी,
आईसारखी ओरडली त्यांच्यावर, मला वाकून वाकून थकली.
निघताना त्यांनी पिशवी हातात दिली,
पाच मोरोको, एक अजून हलणारा.
नको म्हणायला दम नव्हता.

ते तीन किलोमीटर कुणी धावलं, नक्की सांगता येत नाही.
पाय कुणाचे तरी होते.
रस्ता चढाचा नाही, तरी चढत होता.
गुडघ्यावर दर पावलाला पिशवी थपकत होती
आणि एक कुत्रं धक्क्यापासून घरापर्यंत
अगदी मन लावून माझ्यामागे.

रात्री वही काढली.
अठ्ठावीस: उमे.
वेळ: दहा मिनिटं.
पोट: दुसऱ्याचं. ठीक.

शेजारी तव्यावर मासे तडतडत होते,
एक थेंब उडून नेमका तिसऱ्या रकान्यात पडला.